बिनमक्याचं ९१

१२ ऑगस्ट, सोमवार

आजपासून रोजनिशी. मनातलं तोंडावर बोलायची आमच्या गावात पद्धत नाही आणि माझं डोकं फुटायची वेळ आली आहे.

सोल्वेगचा फोन आला होता. मुलगी माझी, फोन आईला. नोव्हेंबरच्या नऊ तारखेला शनिवारी सकाळी मिनियापोलिसच्या विमानतळावर उतरते आहे. बायकोने, मार्व्हलने, बटाटे सोलता सोलता सांगितलं की सोल्वेग म्हणते, बाबाला उगीच त्रास नको, लायलमामाला सांग न्यायला यायला.

त्रास नको! लायलमामा!

जानेवारीचं एकदाच लिहितो, पुन्हा लिहिणार नाही. मी तिला विमानतळावर सोडायला निघालो होतो. सिएटलला तिची मुलाखत होती. वाटेत विल्मर गावाच्या अलीकडे गाडीने गचके द्यायला सुरुवात केली, मग खोकली, मग बंद. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. विमान गेलं, मुलाखत गेली, नोकरी गेली. आता ती टक्सनमध्ये दुसरंच काहीतरी करते आणि तेव्हापासून घरी आलेली नाही. टो-ट्रकमध्ये बसल्यावर एवढंच म्हणाली की असू दे, बाबा. आमच्याकडे 'असू दे' म्हणजे काय ते इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

दोष कोणाचा? माझा नाही. गाडीचा तर नाहीच. दोष पेट्रोलचा. आदल्या दिवशी लायलने माझी गाडी नेली होती आणि मोठ्या मनाने टाकी भरून परत दिली होती. ८७. ऑक्टेनचा सगळ्यात हलका आकडा, पंपावरचं सगळ्यात स्वस्त बटण. त्यात इथेनॉल, म्हणजे मक्याची दारू. आणि मका पिकवतो कोण? लायल! सख्ख्या मेव्हण्याने स्वतःचा मका माझ्या टाकीत ओतून माझ्या मुलीचं विमान चुकवलं आणि तोच आता तिला आणायला जाणार.

संकल्प: सोल्वेगला आणायला मीच जाणार. याच गाडीतून. एकही गचका न खाता.

मार्व्हलला म्हणालो, बघू.

१३ ऑगस्ट, मंगळवार

गावच्या शेतकी को-ऑपच्या पंपावर गेलो. तीन बटणं. आजवर मी माणूस नव्हतो, मेंढरू होतो. बोट आपोआप ८७ वर जायचं. आज दाबलं ८९.

पंपाच्या आवारातून बाहेर पडायच्या आतच फरक जाणवला. गाडी तरंगत होती. मार्व्हलला विचारलं, जाणवतंय का? ती म्हणाली, तू एसी बंद केलास, ते जाणवतंय.

घरी आल्यावर तिची वेगळीच तक्रार. गॅरेजमध्ये पक्ष्यांसाठी ठेवलेली सूर्यफुलाच्या बियांची पिशवी भराभर रिकामी होते आहे, उंदीर झालेत की काय बघ जरा. मी म्हणालो, बघतो. एवढं मोठं काम हातात घेतलेल्या माणसाला बिया मोजायला सांगतात. कार्डिनल पक्षी खात असतील. पक्ष्यांच्याच आहेत.

१९ ऑगस्ट, सोमवार

८९ ने दगा दिला.

परीक्षा म्हणून मी स्मशानाजवळचा चढ ठरवला आहे. गावात तेवढाच एक चढ. अर्ध्यावर गेलो आणि गचका. मग दुसरा. वर पोचेपर्यंत आत कोणीतरी दार ठोठावतंय असं वाटत होतं. अर्थात हे ८९ म्हणजे काय असतं? ८७ मध्ये थोडं ९१ मिसळायचं आणि मधलं बटण लावायचं. सरमिसळ. धड ना इकडचं ना तिकडचं. मला आधीच संशय होता.

को-ऑपमध्ये कॉफीच्या टेबलावर विषय काढला. ओर्डेल त्वेत समोर होता, रस्त्यापलीकडे राहतो. शेजारी लायल, पिकाच्या धुळीने माखलेला. लायल म्हणाला, मी तर पिकअपला जन्मभर ८७ च पाजतो व्हर्लिन, इंजिनाला कुठे वाचता येतंय पंपावर काय लिहिलंय ते. टेबल हसलं. ओर्डेलने तर कॉफी सांडली.

मीही हसलो. हसून कपात साखर घातली. मी साखर घेत नाही.

२७ ऑगस्ट, मंगळवार

९१. आता बोला.

सकाळी टाकी भरली आणि संध्याकाळी गाडी मांजरासारखी गुरगुरायला लागली. चढावर गचका आला पण आधीच्यापेक्षा सुसंस्कृत होता. जुनं पेट्रोल तळाशी उरलेलं असतं, ते निघून जायला वेळ लागणारच.

मार्व्हलने कपाटातून गाडीचं पुस्तक काढून माझ्या ताटाशेजारी उघडं ठेवलं. एक ओळ बोटाने दाखवली आणि ओव्हनमधून काढून हॉटडिश वाढायला लागली. ओळीत लिहिलं होतं: ८७ वापरावे, त्याहून वरच्याचा उपयोग नाही. मी तिला शांतपणे समजावलं की पुस्तक सामान्य लोकांसाठी असतं. ती म्हणाली की आपण कोण आहोत मग?

हा टोमणाच. लायलची बहीण आहे शेवटी.

५ सप्टेंबर, गुरुवार. पहाटे

झोप नाही. आनंदाने.

काल तळ्याकाठच्या गळ-गांडुळांच्या दुकानात गेलो होतो. मागच्या बाजूला एकटाच पंप उभा आहे. त्यावर ९१, आणि खाली लिहिलेलं: इथेनॉल नाही. बिनमक्याचं ९१! इतकी वर्षं तिथून गळ नेतो आणि डोळे बांधल्यासारखा परत येतो. वासच वेगळा. माझ्या लहानपणी पेट्रोलला यायचा तसा.

पण पंपावर स्टिकर आहे. हे पेट्रोल फक्त बोटी, बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबिल, गवत कापायची यंत्रं आणि हौसेच्या जुन्या गाड्यांसाठी, म्हणजे ज्यांना सरकारने तशी खास नंबरप्लेट दिली आहे त्यांच्यासाठी. दुकानदारीण म्हणाली, कोणी बघत नाही हो, सगळेच भरतात. मी तिच्याकडे असं पाहिलं की ती पुन्हा गांडुळं मोजायला लागली. मी चर्चच्या कार्यकारिणीचा चिटणीस आहे. चाळीस वर्षं विमा विकला, एकही खोटा दावा मंजूर करून दिला नाही. मी स्टिकर मोडणार नाही.

पाच गॅलनचा डबा विकत घेतला. गवताच्या यंत्रासाठी. हे नियमात बसतं.

८ सप्टेंबर, रविवार

गवताच्या यंत्राच्या टाकीत मावलं नाही. डबा जवळजवळ भरलेलाच उरला. वाया घालवणं हा गुन्हा आहे. कुठे ओतला ते लिहीत नाही.

चढावर दोनच गचके! म्हणजे तीन, पण तिसरा खड्डा असू शकतो.

१६ सप्टेंबर, सोमवार

आठ दिवसांत चौथ्यांदा गवत कापलं. डबा भरून आणायचा तर यंत्र चालवायलाच हवं, प्रामाणिकपणा म्हणजे प्रामाणिकपणा. मार्व्हल म्हणते की अंगणात आता माती दिसते आहे आणि शेजारीपाजारी विचारतात, व्हर्लिनचं बरं आहे ना?

पण आजचा राग वेगळा. दुकानामागच्या पंपावर ओर्डेल त्वेत. त्याच्या आजोबांच्या काळातल्या लाल पिकअपला हौसेची प्लेट आहे, म्हणून छाती पुढे काढून बिनमक्याचं भरत होता. भरू दे. पण मी सहज त्याच्या मागे मागे गेलो तर पठ्ठ्या थेट किराणा दुकानात! हौसेची गाडी असते गावच्या जत्रेत मिरवायला. दूध-अंडी आणायला नाही. प्लेट घेताना तसं लिहून द्यावं लागतं. ह्या माणसाला नियमाचं पेट्रोल पाहिजे आणि नियम नको.

तोंडावर बोलणं बरं दिसत नाही. चिठ्ठी लिहिली आणि त्याच्या वायपरखाली सरकवली: हौसेची गाडी मिरवायला असते, बाजारहाटाला नाही. एक हितचिंतक.

मोठ्या अक्षरांत लिहिली, म्हणजे कोणाला ओळखू येणार नाही. फार हलकं वाटलं.

२४ सप्टेंबर, मंगळवार

बुद्धी कुठे कशी चालेल सांगता येत नाही. दाढी करता करता सुचलं. हौसेच्या प्लेटला गाडी वीस वर्षांची लागते. माझी गाडी किती वर्षांची? वीस! म्हणजे ती जुनी झालेली नाही, ती पदाला पोचली आहे.

तसाच उठून परवाना कचेरीत गेलो. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, रोजच्या वापराला दुसरी गाडी आहे ना तुमच्याकडे? म्हणालो, आहे, बायकोची. मग ही रोज चालवणार नाही असं इथे लिहून द्या म्हणाल्या. दिलं. मार्व्हल मागे उभी होती. म्हणाली, व्हर्लिन, वाचलंस का कशावर सही करतो आहेस ते? मी म्हणालो, सगळं पाठ आहे मला. आठवडाभर मी दुसऱ्यांना हेच तर समजावतो आहे.

येताना दुकानामागे थांबलो आणि पहिल्यांदा उजळ माथ्याने नळी गाडीला लावली. टाकी काठोकाठ. दुकानदारीणीला नवीन प्लेट दाखवली. ती म्हणाली, वेगळंच केलंत काहीतरी.

आता लायलने आणावा त्याचा मका.

६ ऑक्टोबर, रविवार

इतका संतापलो आहे की पेन कागदातून आरपार जातंय.

चर्चला गाडी घेऊन गेलो. मुद्दाम पुढच्या रांगेत लावली. प्रार्थना झाली, तळघरात कॉफी झाली, ओर्डेलने स्वतःच्या हाताने मला कप भरून दिला, रुबार्बची गोड वडी दिली आणि म्हणाला, छान आहे हो प्लेट. मला वाटलं, ओशाळला असेल बिचारा.

बाहेर आलो तर वायपरखाली चिठ्ठी. हौसेची गाडी मिरवायला असते, बाजारहाटाला नाही. शब्द न् शब्द माझे. तोच कागद! माझीच चिठ्ठी! फक्त 'एक हितचिंतक'च्या खाली 'दुसरा हितचिंतक' असं वाढवलेलं.

सगळे पायऱ्यांवर उभे. कोणी हसलं नाही. आमच्याकडे हसत नाहीत, हवामानावर बोलतात. अख्खा गाव थंडी लवकर पडणार यावर बोलत होता. मार्व्हल गाडीत बसल्यावर म्हणाली की तुझी मोठी अक्षरं गेली वीस वर्षं चर्चच्या फळ्यावर दिसतात.

चर्च म्हणजे काय बाजारहाट आहे? असं ओरडून विचारणार होतो. लायल म्हणाला, जपून जा. मी म्हणालो, तूही.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

को-ऑपपर्यंत पायी जातो. प्रकृतीला चांगलं.

अख्ख्या काउंटीत सगळ्यात उत्तम पेट्रोल माझ्या टाकीत आहे आणि गाडी गॅरेजमध्ये उभी आहे. संध्याकाळी जाऊन बसतो. रेडिओ लावतो. इंजिन चालू करून ऐकतो. उभ्या उभ्या अप्रतिम चालतं. थोडं थरथरतं, ते शक्तीमुळे. चालवता येत नसल्याने चढावरचा गचका पूर्ण बंद झाला आहे, हे मान्य करायला हवं.

थंडी सुरू झाली. फडताळातून सोल्वेगने विणलेले लाल हातमोजे काढायला गेलो तर एकच. शाळेत असताना विणलेले, एक अंगठा लांब. डावा गायब. मागच्या आठवड्यात लायल शिडी न्यायला आला होता. मी आरोप करत नाही. फक्त तारीख लिहून ठेवतो.

मार्व्हल म्हणाली, बियांची दुसरी पिशवीपण संपली व्हर्लिन, सापळा लाव. आधी मोज्याचं बघू म्हणालो.

२१ ऑक्टोबर, सोमवार

नियम बारकाईने वाचले. मिरवणूक, प्रदर्शन अशा कामांना हौसेची गाडी बाहेर काढता येते. मग अडलं कुठे?

आज कार्यकारिणीच्या सभेत ठराव मांडला. नऊ नोव्हेंबरला सकाळी चर्चच्या वतीने जुन्या गाड्यांची वारसा-मिरवणूक काढावी. मार्ग: चर्चपासून मिनियापोलिसच्या विमानतळापर्यंत आणि परत. परतीला एका गाडीत एक प्रवासी असण्यास हरकत नसावी.

पाद्रीबाई म्हणाल्या, ही कल्पना वेगळी आहे. ओर्डेल म्हणाला, अगदीच वेगळी आहे. खजिनदार म्हणाला, खरंच, वेगळी.

आमच्याकडे पदार्थात मीठ विसरलं तरी लोक तो 'वेगळा' झालाय म्हणतात. अनुमोदन कोणीही दिलं नाही. शिवाय कोणीतरी हळूच आठवण करून दिली की नऊ तारीख म्हणजे हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस, त्या दिवशी गावात पुरुष सापडणार नाही. आणि संध्याकाळी आपलंच मासळीचं जेवण आहे. पुढचा विषय: लुटफिस्क, म्हणजे जेवणातला वाळवलेला मासा, किती भिजवायचा.

इतिवृत्त मीच लिहितो. मी लिहिलं, उत्साहाने चर्चा झाली.

३ नोव्हेंबर, रविवार

मार्व्हलची गाडी मागितली. मनावर दगड ठेवून, कारण तिच्या टाकीत ८७ आहे. ती म्हणाली, नऊ तारखेला मला पहाटेपासून चर्चमध्ये भांडी, भाजायच्या विजेच्या शेगड्या, दोनशे माणसांचे बटाटे न्यायचेत, गाडी कशी देऊ? तू ऐटीत कागदावर सही केलीस ना की घरात रोजच्या वापराला दुसरी गाडी आहे, ती ही. ती वापरात आहे.

मग उघडउघड विचारलं तिने, जे आमच्याकडे कोणी विचारत नाही. म्हणाली, ती प्लेट काढून टाक आणि साधी लाव, कचेरी उद्या उघडी आहे. तुला मुलगी आणायची आहे की पेट्रोल जिंकायचं आहे?

मी उठून गॅरेजमध्ये गेलो. उद्या साधी प्लेट लावली तर ओर्डेल काय म्हणेल? काही म्हणणार नाही! कॉफी ओतून देईल! तेच तर सहन होत नाही.

संध्याकाळी लायल आला. दारातच उभा राहून आधी हवामान, मग मका काढून झाला हे, मग परत हवामान. मग म्हणाला, शनिवारी मी जातो सोल्वेगला आणायला, तूही चल की सोबतीला. शिकारीचा पहिला दिवस! बापाच्या अंत्ययात्रेच्या दिवशीसुद्धा या माणसाने सकाळी मचाणावर तासभर काढला होता. तो दिवस माझ्या मुलीसाठी सोडतो आहे. मला खाली पाहायला लावण्यासाठी माणूस कुठल्या थराला जाईल!

म्हणालो, बरं होईल.

९ नोव्हेंबर, शनिवार. रात्री

पहाटे निघालो. रस्त्यात जिकडेतिकडे भडक नारिंगी कोटातले शिकारी. लायल त्यांच्याकडे बघायचा आणि मग समोर बघायचा. विषय काढला नाही. मीही नाही.

तीन तास. त्याच्या पिकअपने एकही गचका दिला नाही. मी कान लावून बसलो होतो. निदान एक तरी द्यायला हवा होता.

सोल्वेग दारातून बाहेर आली. केस कापलेत. मला मिठी मारली, लायलला मारली. मला आधी. मग गाडी शोधायला लागली आणि लायलची पिकअप बघून थांबली. म्हणाली, तुझी गाडी कुठे आहे बाबा? मी सांगितलं की ती आता हौसेची गाडी आहे, तिला रस्त्यावर आणता येत नाही. तिने लायलकडे पाहिलं. लायल म्हणाला, यंदा थंडी लवकर पडणारसं दिसतंय.

वाटेत मी तिला सगळं समजावलं. ८७, ८९, ९१, मका, स्टिकर, वायपर. मनापासून सांगत होतो, पहिल्यांदाच कोणाला तरी सगळं सांगत होतो. विल्मर आलं तेव्हा मी गप्प झालो. मागे वळून पाहिलं तर ती झोपली होती. कधीपासून ते कळायला मार्ग नाही.

संध्याकाळी चर्चच्या तळघरात मासा, लोणी, बटाटे. सगळे तिला टक्सनबद्दल विचारत होते. ओर्डेलने तिला लेफ्सा, म्हणजे बटाट्याची पातळ पोळी, गुंडाळून दिला. मला कॉफी दिली. साखर घातलेली.

१० नोव्हेंबर, रविवार

लिहायचं नव्हतं. लिहितो.

दुपारी सोल्वेग म्हणाली, दाखव तुझी हौसेची गाडी. छाती भरून आली. गॅरेज उघडलं, इंजिन चालू केलं, बॉनेट वर केलं. म्हणालो, ऐक, याला म्हणतात बिनमक्याचं. तिने ऐकलं. म्हणाली, बाबा, ही धापा टाकते आहे. मी ऑक्टेनचं समजावायला लागलो आणि तोवर तिने इंजिन बंद केलं आणि इंजिनाला हवा पुरवणाऱ्या एअर फिल्टरच्या डब्याचे चिमटे काढले. तिथे काही नसतं, असं मी म्हणत होतो. तिने झाकण उचललं.

बिया. सूर्यफुलाच्या. ओंजळीच्या ओंजळी, टरफलं आणि बिया, काठोकाठ, गाडीला श्वास घ्यायला फट नाही. आणि मधोमध लाल लोकरीचं घरटं. लांब अंगठा तेवढा शाबूत.

सोल्वेग हसायला लागली. गवताच्या यंत्रावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, तू तीन महिने उंदराला ९१ पाजत होतास, बाबा. मार्व्हल दारात आली, पाहिलं, आत गेली आणि केरसुणी-सुपली घेऊन आली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

मी उंदरावर चिडलो. बियांवर चिडलो. असा डबा बनवणाऱ्यावर चिडलो. मोठ्याने चिडलो, गॅरेजमध्ये, दोघींसमोर. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा.

मग सोल्वेग डबा उपसत तळाशी गेली. वरच्या बिया काळ्याभोर होत्या. खालच्या राखाडी, कुजून एकमेकींना चिकटलेल्या. जुन्या. मागच्या हिवाळ्याच्या. ती हातात घेऊन थोडा वेळ बघत राहिली. हसणं थांबलं होतं. मी म्हणालो, जानेवारीत उंदीर नव्हता. ते पेट्रोल होतं. लायलने भरलेलं.

ती म्हणाली, असू दे, बाबा.

डबा स्वच्छ झाल्यावर इंजिन चालू केलं. आवाजच येईना, इतकं शांत. ९१ मुळेच, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. म्हटलं नाही. फार वाईट वाटतंय.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

तिला परत सोडायला निघालो. मार्व्हल शाळेच्या स्वयंपाकघरात कामावर, गाडी तिच्याकडे, आणि माझीला अजून हौसेचीच प्लेट. लायल सकाळीच दारात हजर. त्याच्या मचाणावर पुतण्याने रविवारी हरीण मारलं, शिंगं दहा टोकांची. हेही मला ओर्डेलकडून कळलं, तो स्वतः बोलला नाही. या माणसावर नीट चिडताही येत नाही.

वाटेत पिकअप पंपाशी थांबली. लायल उतरला, कार्ड सरकवलं, नळी लावली. मग मागे सरकला आणि म्हणाला, तूच निवड व्हर्लिन, तुला त्यातलं कळतं.

टोमणा असावा म्हणून मी त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. टोमणा नव्हता. खरंच विचारत होता.

तीन बटणं. ८७, ८९, ९१. सोल्वेग काच खाली करून बघत होती. थंडी होती आणि मी माझे दोन हात कोटाच्या खिशात घालून उभा. एकाच हातात मोजा. मागे एक बाई तिच्या गाडीत थांबलेली, तिने हॉर्न वाजवला नाही, आमच्याकडे वाजवत नाहीत.

मी ८७ दाबलं.

पेट्रोल जायला लागलं. सोल्वेगने काच वर केली.

विमानतळावर तिने मिठी मारली. जरा जास्त वेळ. म्हणाली, मे महिन्यात येते आहे, तेव्हा तू ये न्यायला. आईची आण, मामाची आण, वाटेल त्या गाडीने ये, पण तू ये. आणि सापळा लाव. मी म्हणालो, बघू. मग वाटलं, हे पुरेसं नाही. म्हणालो, येतो. ती आत गेली तरी मी उभा होतो.

परतताना लायलला झोप यायला लागली. चार दिवसांत दोनदा इतकं अंतर तोडलेलं, वर पहाटेची उठाठेव. किल्ली त्याने स्वतःहून माझ्या हातात दिली. गावात शिरताना स्मशानाचा चढ लागला. मी सवयीने दात आवळले, कान टवकारले आणि पाय दाबला.

पिकअप वर चढली. ८७ वर. मक्याच्या, आणि त्याच्याच शेतातल्या. एकही गचका नाही.

लायल डोळे मिटूनच म्हणाला, कशी चालते?

म्हणालो, बरी आहे.